अठरा हजार फुटांवर, दुपारी दोन पंचावन्न

विमानात आयुष्य घालवून पुढे हाती लेखणी धरणारी माणसे जगात बरीच झाली. फ्रान्सचा आंत्वान द सेंत-एक्झुपेरी टपालाची विमाने उडवत असे आणि रात्रीच्या आकाशाविषयी लिहीत असे. ३१ जुलै १९४४ रोजी तो कॉर्सिकाहून टेहळणीसाठी निघाला, तो परतलाच नाही. नेव्हिल शूट वैमानिक होता, विमान-अभियंता होता आणि कादंबरीकारही. या दोघांची पुस्तके आपल्याकडेही आवडीने वाचली जातात. त्यांच्या शेजारी ज्यांचे पुस्तक ठेवायला हवे ते अनंत श्रीधर कर्णिक मात्र आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नाहीत.

कर्णिक वैमानिक नव्हते. ते एअर इंडिया इंटरनॅशनलचे देखभाल अभियंता होते. विमान परक्या धावपट्टीवर उतरले की ते पुन्हा उडण्याजोगे आहे की नाही हे पाहणे त्यांचे काम. ११ एप्रिल १९५५ रोजी ते 'काश्मीर प्रिन्सेस' या विमानात होते. विमान घातपाताने समुद्रात कोसळले. त्यात १९ माणसे होती, त्यांतली ३ वाचली, आणि त्या तिघांपैकी कर्णिक एक. १९५८ साली मुंबईच्या जयको प्रकाशनाने त्यांचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे इंग्रजी पुस्तक काढले.

या घटनेवर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातले बहुतेक चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांच्याविषयी आहे. ते विमानात का नव्हते, त्यांना आधी कळले होते का, गुप्तहेर कोण होते, हेच प्रश्न पुनःपुन्हा येतात. विमानात प्रत्यक्ष जी माणसे होती त्यांना तळटीप मिळते. विमानाचे कॅप्टन दामोदर काशीनाथ जटार यांनी त्या दुपारी जे केले ते तळटिपेत मावणारे नाही, असे मला वाटते. म्हणून हा घटनाक्रम विमानाच्या बाजूने लावला आहे. जिथे नुसती वेळ दिली आहे तिथे ती भारतीय वेळ समजावी. मुंबईतल्या घरी त्या क्षणी घड्याळात किती वाजले होते, ते त्यावरून कळेल.

१० एप्रिल, सकाळ. पेकिंग

इंडोनेशियातल्या बांडुंग इथे १८ एप्रिलला आशियाई-आफ्रिकी परिषद सुरू व्हायची होती. नव्याने स्वतंत्र झालेले देश पहिल्यांदाच एवढ्या संख्येने एकत्र बसणार होते. पंडित नेहरू तिच्या प्रमुख निमंत्रकांपैकी एक. चीनला आपले लोक तिकडे पाठवायचे होते आणि लांब पल्ल्याचे विमान हाताशी नव्हते. म्हणून एअर इंडियाचे विमान भाड्याने घेतले गेले. हाँगकाँगला प्रवासी घ्यायचे आणि जाकार्ताला सोडायचे, एवढेच काम.

या विमानाला दगाफटका होण्याचा संभव आहे अशी बातमी चिनी सरकारला लागली होती. १० तारखेला सकाळी चिनी परराष्ट्र खात्याने ब्रिटनचे पेकिंगमधले प्रतिनिधी हम्फ्री ट्रेव्हेलियन यांच्या कार्यालयाला सावध केले. तैवानच्या कुओमिंतांग पक्षाचे हस्तक काही गडबड करणार आहेत, प्रवाशांना संरक्षण द्या, असा त्या निरोपाचा आशय होता. निरोप हाँगकाँगला पोचला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ निदर्शने, धक्काबुक्की असा घेतला आणि बंदोबस्तही त्याच बेताने ठेवला. पहारा प्रवाशांभोवती लागला. विमानाला रोज हात लावणाऱ्या कामगारांकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

११ एप्रिल, सकाळ. काई टाक विमानतळ, हाँगकाँग

'काश्मीर प्रिन्सेस' मुंबईहून निघून बँकॉकमार्गे काई टाकला आले. लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे हे विमान, नोंदणी व्हीटी-डीईपी. पंख्यांची चार इंजिने, शेपटीला तीन उभे पंख, आणि उंचावरही नीट श्वास घेता यावा म्हणून केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय. याच जातीच्या 'मलबार प्रिन्सेस'ने ८ जून १९४८ रोजी मुंबई ते लंडन अशी एअर इंडियाची पहिली परदेशी फेरी केली होती. 'मलबार प्रिन्सेस' नोव्हेंबर १९५० मध्ये आल्प्स पर्वतातल्या माँ ब्लाँवर आदळून नष्ट झाली. पुढच्या घटनेत जटारांच्या हाती कोणत्या बनावटीचे यंत्र होते ते कळावे म्हणून हे सांगितले.

विमानात आठ कर्मचारी होते. कॅप्टन जटार, सहवैमानिक एम. सी. दीक्षित, दिशादर्शक जे. सी. पाठक, फ्लाइट इंजिनीअर डिकुन्हा, देखभाल अभियंता कर्णिक, केबिनमध्ये डिसूझा आणि पिमेंटा, आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. मराठी, गोवेकर, उत्तरेकडचे, ख्रिस्ती, हिंदू, असे त्या काळच्या मुंबईचे सगळे मिश्रण त्या चमूत होते.

प्रवासी ११. चिनी शिष्टमंडळाचे कर्मचारी आणि पत्रकार, एक व्हिएतनामी, पोलंडचा पत्रकार येरेमी स्टारेत्स, आणि ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ येन्सन. येन्सन डॉक्टर होता. स्पेनच्या यादवी युद्धात त्याने जखमींवर उपचार केले, तिथून तो चीनमध्ये गेला आणि चीनवर पुस्तक लिहिले. शिन्हुआ वृत्तसंस्थेच्या हाँगकाँग शाखेचे ह्वांग त्सो-मेईही विमानात होते. महायुद्धात जपान्यांच्या तावडीतून दोस्तांच्या सैनिकांना सोडवण्याच्या कामाबद्दल ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई किताब दिला होता. ज्या ब्रिटिश वसाहतीतल्या विमानतळावर त्या सकाळी विमानात स्फोटके चढली, त्याच ब्रिटिशांनी गौरवलेला हा माणूस त्या विमानात चढत होता.

चाउ एन-लाय आले नाहीत. त्यांच्यावर नुकतीच आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. प्रवासाचा बेत तेवढ्यामुळे बदलला की त्यांना कटाची कुणकुण लागली होती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात.

विमान फार वेळ थांबणार नव्हते. तेवढ्या वेळात इंधन भरायचे, सफाई करायची, यंत्रे तपासायची. हे काम हाँगकाँग एअरक्राफ्ट इंजिनीअरिंग कंपनीच्या माणसांकडे होते. या कंपनीत चाउ त्से-मिंग नावाचा एक सफाई कामगार होता. या धावपळीत उजव्या पंखाच्या पोटात, जिथे उडाल्यावर चाके दुमडून आत जातात त्या पोकळीत, घड्याळी यंत्राचा एक बाँब ठेवला गेला.

ही पोकळी विमान जमिनीवर असताना खालून उघडीच असते. माणूस वाकून आत हात घालू शकतो. तिच्या शेजारीच पंखातली इंधनाची टाकी असते. जागा निवडणाऱ्याला विमानाची चांगली माहिती होती.

सकाळी ९:५५

ग्रीनिच वेळेनुसार ४ वाजून २५ मिनिटे. 'काश्मीर प्रिन्सेस'ने काई टाक सोडले. चाके वर ओढली गेली, पोकळीची झाकणे बंद झाली.

सकाळी १० ते दुपारी २:५०

पाच तास काहीच घडले नाही.

या पाच तासांत विमान खाली कशावरून चालले होते ते नकाशावर पाहण्यासारखे आहे. हाँगकाँगहून दक्षिणेला निघाले की दक्षिण चीन समुद्राचे खोल खोरे लागते. तिथे पाणी काही ठिकाणी चार हजार मीटरांहूनही खोल आहे. पुढे बोर्निओच्या बाजूला नातुना बेटे येऊ लागली की समुद्राचा तळ एकदम वर येतो. सुंदा नावाचा तो उथळ पठारी तळ बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही खोल नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून ट्रॉलर घेऊन बाहेर जाणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडेही किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत तळ हाती लागतो आणि मग अचानक तुटतो.

घड्याळ काही तास आधीचे लावलेले असते तर विमान त्या खोल खोऱ्यात गेले असते. अवशेष सापडले नसते. जुन्या इंजिनावर, वैमानिकाच्या चुकीवर किंवा देखभाल अभियंत्याच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवून फाइल बंद झाली असती. आणि ते १९५५ साल होते. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमाने हवेतच फुटली होती, आणि त्याचे कारण धातूचा थकवा असल्याचे नुकते सिद्ध झाले होते. त्या दिवसांत कोणतेही विमान पडले की पहिला संशय यंत्रावर आणि यंत्र सांभाळणाऱ्यावर जात असे.

दुपारी २:५५

उंची १८,००० फूट. हवा स्वच्छ. एक दबका स्फोट ऐकू आला.

लगेच थंड हवेच्या नळ्यांमधून केबिनमध्ये धूर शिरू लागला. उजव्या पंखावर, तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनाच्या मागे, आग दिसली. स्फोटाने तिसऱ्या टाकीला भोक पाडले होते आणि इंधन जळत होते. इंधनच पेटल्यावर ती आग हवेत विझवता येणारी नव्हती. पण हे त्या क्षणी विमानात कोणाला माहीत असणार? कॉकपिटमधून दिसत होते ते एवढेच: इंजिनाच्या मागे ज्वाळा आहेत आणि धूर आत येतो आहे.

जटारांनी तिसरे इंजिन बंद केले. त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न राहता सरळ होतील अशी फिरवली. वैमानिक याला 'फेदर करणे' म्हणतात. न केल्यास बंद पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. तीन इंजिने चालू होती. कॉन्स्टेलेशन तीन इंजिनांवर तासन्‌तास उडू शकते. इंजिनाचीच आग असती तर एवढ्याने भागले असते आणि हे विमान कदाचित जाकार्ताला पोचलेही असते.

आग वाढत राहिली. तेव्हा जटारांनी समुद्रावर उतरायचे ठरवले आणि विमान वेगाने खाली आणायला सुरुवात केली.

हा निर्णय किती कठीण होता, याचा विचार करावा. समुद्रावर उतरणे म्हणजे विमान गमावणे हे नक्की, आणि माणसे वाचतील की नाही हे अनिश्चित. पण जळणारा पंख हवेत तुटला तर कोणीच वाचणार नव्हते. अठरा हजार फुटांवरून खाली यायला काही मिनिटे लागणारच, आणि पंख तोवर टिकायला हवा. फार वेगाने उतरावे तर आगीला वारा मिळतो, हळू उतरावे तर तिला वेळ मिळतो. या दोन्हींच्या मधला वेग जटारांना हाताच्या अंदाजानेच धरायचा होता.

पुढची काही मिनिटे

रेडिओवरून संकटाचा संदेश तीनदा गेला. त्यात जागा सांगितली होती, नातुना बेटांच्या परिसरात. पुढे जे तिघे वाचले आणि समुद्रातून जो पुरावा वर आला, त्याला या संदेशांचाही मोठा हातभार लागला. मग रेडिओ बंद पडला.

केबिनमध्ये ग्लोरिया बेरी आणि तिचे सहकारी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देत होते. अशा वेळी जाकीट देणे म्हणजे काय असते? केबिनमध्ये धूर भरला आहे, विमान नाक खाली करून उतरते आहे, प्रवाशांपैकी बहुतेकांची भाषा वेगळी आहे, आणि प्रत्येकाच्या अंगावर ते नीट बांधले गेले आहे की नाही हे पाहायचे आहे. पाण्याला टेकताच बाहेर पडता यावे म्हणून संकटकालीन दारे उघडण्यात आली.

मग हायड्रॉलिक यंत्रणा गेली. एवढे मोठे विमान वळवताना वैमानिकाच्या हाताला जे तेलाच्या दाबाचे बळ मिळते ते संपले. त्यामागोमाग वीज गेली. शेवटी दाट धूर कॉकपिटमध्ये शिरला. समोरचे जवळजवळ काहीच दिसेना. उपकरणांच्या काट्यांकडे पाहून पाण्यापर्यंतचे अंतर ठरवायचे तर काटेच दिसत नव्हते.

एखादे जड गलबत अंधारात, सुकाणू अडकलेले असताना, खडकांमधून किनाऱ्याला लावायचे असले तर नाखव्याला जे करावे लागेल, ते जटार ताशी शेकडो किलोमीटर वेगाने करत होते.

तीनच्या सुमारास

उजव्या पंखाचे टोक आधी पाण्याला लागले. विमान तीन तुकड्यांत फुटले. नाक लगेच पाण्याखाली गेले.

दीक्षित, पाठक आणि कर्णिक पाण्यातून वर आले. बाकीचे १६ जण गेले: जटार, डिकुन्हा, डिसूझा, पिमेंटा, ग्लोरिया बेरी आणि अकराच्या अकरा प्रवासी.

जटारांना वर यायला वेळ मिळाला नाही. ज्या आगीने विमान हवेतच संपायला हवे होते, त्या आगीतून त्यांनी ते समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत आणले. म्हणून तिघे जिवंत राहिले, आणि म्हणून तो पंख एका ठिकाणी, उथळ पाण्यात, शोधता येईल असा पडला. या घटनेत मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट हीच.

संध्याकाळ आणि रात्र

या तासांविषयी सांगू शकणारी माणसे जगात फक्त तीन होती, आणि त्यांतल्या कर्णिकांनी ते लिहून ठेवले. उघड्या समुद्रात माणसाचे डोके लाटेच्या वर क्षणभरच येते. दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर असूनही दिसत नाही. जाकीट बुडू देत नाही, पण प्रवाह कुठे नेईल ते त्याच्या हाती नसते. आपल्याकडे होडी उलटून रात्र पाण्यात काढलेले खलाशी सांगतात की सगळ्यात अवघड असते ते जागे राहणे. नातुनाचे पाणी विषुववृत्ताजवळचे, म्हणून गार पडून मरण्याचा धोका कमी होता. तेवढाच काय तो आधार. तिघे कित्येक तास पोहत राहिले आणि बेटाच्या आसऱ्याला लागले. तिथे त्यांना मासेमारी करणाऱ्यांची मदत झाली.

१२ एप्रिल आणि नंतर

ब्रिटिश नौदलाच्या 'डॅम्पियर' या जहाजाने तिघांना सिंगापूरला नेले. चीनने हे घातपाताचे कृत्य असल्याचे जाहीर केले आणि ब्रिटनकडे चौकशीची मागणी केली. १४ तारखेला चाउ एन-लाय चीनमधूनच दुसऱ्या विमानाने निघाले, रंगूनला नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांना भेटले आणि बांडुंगला पोचले. परिषद १८ ते २४ एप्रिल झाली आणि गाजली.

भारताने तपासात सहभागी होण्यासाठी गुप्तवार्ता विभागाचे रामेश्वर नाथ काव यांना पाठवले. पुढे १९६८ मध्ये 'रॉ' स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले प्रमुख हेच. काव यांनी हाँगकाँग, जाकार्ता, पेकिंग अशा परस्परांवर विश्वास नसलेल्या सरकारांत वावरत काम केले. चाउ एन-लाय त्यांच्यावर प्रसन्न होते.

१८ मे

हाँगकाँग पोलिसांचा संशय चाउ त्से-मिंगवर पक्का होत चालला होता. या कामासाठी त्याला सहा लाख हाँगकाँग डॉलर देण्याचे ठरले होते, असे तपासात पुढे आले. १८ मे रोजी तो एका विमानातून तैवानला निसटला.

२६ मे

इंडोनेशियाच्या चौकशी समितीने निष्कर्ष जाहीर केला. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत घड्याळी यंत्राचे तुकडे आणि अमेरिकी बनावटीच्या एमके-७ डेटोनेटरचे अंश मिळाले होते. उजव्या चाकाच्या पोकळीत वेळ लावलेल्या बाँबचा स्फोट झाला, त्याने तिसऱ्या इंधन टाकीला भोक पडले आणि आटोक्यात न येणारी आग लागली. बाँब बहुधा हाँगकाँगला ठेवला गेला.

कर्णिकांसाठी या निष्कर्षाचा अर्थ काय असेल? विमान उडण्याजोगे ठेवणे हे ज्याचे काम, त्याच्या डोळ्यांसमोर पंखाला आग लागली, आणि तो वाचला, कॅप्टन गेला. पंखातल्या कोणत्या नळीला, कोणत्या नटाला आपला हात लागला होता, हा प्रश्न त्या सहा आठवड्यांत त्यांच्या मनात आला नसेल असे मला वाटत नाही. विमान निर्दोष होते, इंजिन निर्दोष होते, हे २६ मे रोजी कागदावर आले.

१९५५ ते १९५८

जटार, ग्लोरिया बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक यांना भारत सरकारने अशोक चक्र सन्मान दिला. त्या काळी या सन्मानाचे तीन वर्ग होते. नागरिकांना तो मिळण्याची ही पहिली वेळ. जटार आणि बेरी यांच्या बाबतीत तो घरच्यांनी घ्यायचा होता. पेकिंगमध्ये बाबाओशान स्मशानभूमीत मृत प्रवाशांचे स्मारक उभे राहिले.

कर्णिकांनी तीन वर्षांनी पुस्तक लिहिले. जगातल्या कोणत्याही विमान अपघाताच्या अहवालात वेळ, उंची, वेग, दाब या गोष्टी असतात. माणसे कशी वागली हे त्यात नसते, कारण ते पाहणारे बहुधा उरत नाहीत. इथे पाहणारा उरला, त्याला यंत्राची भाषा येत होती, आणि त्याने आपल्या कॅप्टनविषयी आणि सहकाऱ्यांविषयी लिहिण्याचे काम अंगावर घेतले. सेंत-एक्झुपेरीचा शेवटचा तास कोणी लिहू शकले नाही. जटारांचा शेवटचा तास लिहिला गेला.

पुस्तक निघाले तोवर चाउ त्से-मिंगला ताब्यात देण्याची हाँगकाँगची मागणी तैवानने फेटाळली होती. १६ माणसांच्या मृत्यूबद्दल कोणत्याही न्यायालयात कोणावरही खटला चालला नाही.